विकासाच्या जागतिक करारांत धर्माचा वाटा कसा तपासावा

शाश्वत विकासाच्या जागतिक राजकारणात धर्माचे वजन किती, हे पाहायचे असेल तर धर्मगुरूंची भाषणे बाजूला ठेवून करारांच्या मसुद्यांपासून सुरुवात करावी. भाषणांत सगळेच धर्म पृथ्वीचे रक्षक असतात.

धर्मसंस्था बैठकीत कोणत्या नात्याने बसली आहे, ते आधी पाहावे. बहुतेक संस्था स्वयंसेवी संघटना म्हणून येतात. कॅथलिक चर्चचे सर्वोच्च पीठ असलेले होली सी मात्र १९६४ पासून संयुक्त राष्ट्रांत कायम निरीक्षक आहे. आमसभेत त्याला मत नसले, तरी अनेक जागतिक परिषदांत ते राष्ट्रांच्या बरोबरीने वाटाघाटी करते, आणि जिथे मजकूर सहमतीने ठरतो तिथे मोजक्या प्रतिनिधींचा हट्टही भारी पडतो.

मग एखादे वादग्रस्त कलम निवडून त्याचा माग काढावा. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांतील ५.६ हे लक्ष्य प्रजनन आरोग्य व प्रजनन हक्क सर्वांना मिळावेत असे म्हणते, पण त्याच वाक्यात १९९४ ची कैरो लोकसंख्या परिषद आणि १९९५ ची बीजिंग महिला परिषद यांच्या कार्यक्रमांचा हवाला देते. हा हवाला वरवरचा नाही. कैरोत गर्भपाताच्या उल्लेखांना होली सी, काही मुस्लिम देश आणि काही लॅटिन अमेरिकी देशांनी कडवा विरोध केला होता. कुटुंबनियोजनाची पद्धत म्हणून गर्भपाताला कोणत्याही परिस्थितीत प्रोत्साहन देऊ नये, हे वाक्य तिथल्या कार्यक्रमात आहे, आणि कैरोचा आधार घेताना ५.६ ने ती तडजोडही सोबत घेतली. अशा वेळी परिषदेच्या अहवालात देशांनी नोंदवलेले आक्षेप अवश्य वाचावेत. अहवालाचा सर्वांत कंटाळवाणा भाग तोच, आणि सर्वांत बोलकाही तोच.

मात्र एका विषयावरील भूमिकेवरून दुसरीचा अंदाज बांधू नये. त्याच चर्चचे तत्कालीन प्रमुख पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ या परिपत्रातून हवामानबदलाविरुद्ध तातडीच्या कृतीची मागणी केली, आणि उद्दिष्टे स्वीकारली गेली त्याच २५ सप्टेंबरला ते आमसभेत बोलले.

एखादी घोषणा कोणाला बांधते, हेही विचारावे. ऑगस्ट २०१५ मध्ये इस्तंबूलला निघालेल्या इस्लामी हवामान जाहीरनाम्याने श्रीमंत आणि तेल-उत्पादक देशांना शतकाच्या मध्यापर्यंत हरितगृह वायूंचे उत्सर्जन थांबवण्याचे आवाहन केले. पण ते आवाहन सरकारांचे नव्हते. म्हणून त्याच्याशेजारी त्या देशांनी पॅरिस करार या जागतिक हवामान कराराखाली सादर केलेले आराखडे ठेवून दोन्ही मजकूर ओळीओळीने ताडून पाहावेत.