एमएलपीचे युनिट विकल्यावर रिटर्न कसे भरावे

अमेरिकेत नोकरी करता करता ‘डिव्हिडंड बरा देतंय’ म्हणून एंटरप्राइझ प्रॉडक्ट्स किंवा एनर्जी ट्रान्सफर या कंपन्यांची युनिट घेणारे पुष्कळ. ही एमएलपी (मास्टर लिमिटेड पार्टनरशिप), बाजारात विकली जाणारी भागीदारी आहे, म्हणजे तुम्ही शेअरहोल्डर नाही, भागीदार. हे खरं जाणवतं ते युनिट विकल्यावर.

आधी थांबा. ब्रोकरचा १०९९-बी, म्हणजे विक्रीची माहिती देणारा फॉर्म, बहुतेक वेळा फेब्रुवारीत येतो, सॉफ्टवेअर तो लगेच ओढून घेतं आणि रिटर्न भरून मोकळं व्हावंसं वाटतं. भागीदारीचा के-वन, म्हणजे तुमच्या वाट्याचा हिशेब सांगणारा फॉर्म, मार्चमध्ये उगवतो, आणि खरा हिशेब त्यातच असतो. १५ एप्रिल गाठता येत नसेल तर फॉर्म ४८६८ने १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळते. पण ती कागद भरायची. कर अंदाजाने का होईना, एप्रिलमध्येच भरायचा.

के-वनच्या गठ्ठ्यात मागे विक्रीचं पान असतं. बरेच जण ते उघडतच नाहीत. त्यातले तीन आकडे काढा: खरेदीची रक्कम, आजवरचं समायोजन आणि साध्या दराने (पगारासारख्या उत्पन्नाला लागतो त्या) करपात्र नफा.

समजा १०० युनिट २,५०० डॉलरला घेतली आणि २,००० ला विकली. १०९९-बी पाहून वाटेल, ५०० चा तोटा. पण दरम्यान हातात पडलेले पैसे आणि वाट्याला आलेला घसारा यांमुळे समायोजन आलं उणे १,१००. म्हणजे करासाठीची खरेदी किंमत उरली १,४०० आणि नफा झाला ६००. वर विक्रीचं पान सांगतं की साध्या दराचा नफा ९०० आहे. घसाऱ्यापोटी पूर्वी मिळालेली सवलत सरकार अशी परत घेतं.

आता हे ९०० फॉर्म ४७९७च्या दुसऱ्या भागात, दहाव्या ओळीवर लिहा. तेवढीच रक्कम खरेदी किमतीत मिळवा: १,४०० अधिक ९०० म्हणजे २,३००. भांडवली नफा-तोट्याच्या फॉर्म ८९४९वर विक्री २,०००, किंमत २,३००, भांडवली तोटा ३००. ताळा करा: ९०० वजा ३००, बरोबर ६००. ब्रोकरने मूळ किंमत आयआरएसला (अमेरिकेच्या कर खात्याला) कळवली असेल तर ८९४९वर त्याचाच आकडा ठेवून ‘बी’ कोडने २०० ची दुरुस्ती दाखवायची.

सॉफ्टवेअरमध्ये इथेच घोळ होतो. विक्री के-वनच्या प्रश्नांतही भरली आणि १०९९-बीतूनही आली, तर ती दोनदा मोजली जाते. शेवटी ८९४९ छापून ती ओळ एकदाच आहे ना, हे डोळ्यांनी बघा.

सगळी युनिट विकली असतील तर जुन्या रिटर्नमधले अडकलेले, म्हणजे तेव्हा वजा करता न आलेले, या भागीदारीचे तोटेही शोधा. एरवी ते फक्त त्याच भागीदारीच्या उत्पन्नातून वजा होतात. संपूर्ण विक्रीच्या वर्षी मात्र उरलेले सगळे सुटतात आणि शेड्यूल ईवर जातात. थोडीच युनिट विकली असतील तर ही मोकळीक नाही. ते साध्या दराचे ९०० फॉर्म ८९९५वरच्या, व्यवसायाच्या उत्पन्नावरच्या २० टक्के वजावटीच्या हिशेबातही सहसा धरता येतात, ते विसरू नका.

भारतात परतून अमेरिकेचे अनिवासी झाला असाल तर १ जानेवारी २०२३पासून ब्रोकर सहसा विक्रीच्या पूर्ण रकमेतून १० टक्के कापतो, नफा असो वा नसो. ती कपात फॉर्म १०४२-एसवर दिसते आणि १०४०-एनआर, म्हणजे अनिवासींचं रिटर्न, भरून करात वळती करून घेता येते.