ब्रिटिशकालीन सरकारी नियमाचा कागद कसा वाचावा आणि पडताळावा

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांतला एखादा सरकारी कागद हाती आला की बहुतेकजण त्यातल्या कायद्याचे नाव आणि साल शोधतात, तो कायदा कुठेतरी वाचतात आणि तेवढ्यावरून निष्कर्ष काढतात. जमिनीचा जुना हक्क तपासताना, गावच्या शाळेचा इतिहास लिहिताना किंवा पलटणीत गेलेल्या पणजोबांचा माग काढताना ही पद्धत सहसा फसते. कायद्याने अधिकार दिला, तरी तो अधिकार कुठे, केव्हा आणि कोणावर चालवला गेला हे त्याखालचे नियम, खात्याचे ठराव, कलेक्टरचे हुकूम आणि शेवटी गावदप्तरातली नोंद यांवरूनच कळते. म्हणून वाचनाला गावाकडच्या टोकापासून सुरुवात करावी.

पहिली पायरी : गाव कोणाच्या अमलाखाली होते ते ठरवा

आजचा महाराष्ट्र तेव्हा एका सरकारखाली नव्हता. पुणे, सातारा, नाशिक, रत्नागिरी हे जिल्हे मुंबई इलाख्यात होते. नागपूर मध्य प्रांतात होते. वऱ्हाड १९०२ मध्ये निजामाकडून कायमच्या भाडेपट्ट्याने घेऊन पुढच्या वर्षी मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले गेले. मराठवाड्यात निजामाचे स्वतःचे कायदे चालत. कोल्हापूर, सांगली, औंध ही संस्थाने होती. आणि गोव्यात पोर्तुगीज राज्य होते. शाहू महाराजांचा मागासवर्गीयांना निम्म्या जागा राखून ठेवणारा १९०२ चा हुकूम करवीर (कोल्हापूर) सरकारच्या गॅझेटात निघाला. तो मुंबई सरकारच्या गॅझेटात शोधण्यात अर्थ नाही, आणि शेजारच्या सातारा जिल्ह्याला तो लागूही नव्हता.

दुसरी पायरी : साल नीट वाचा

मुंबई इलाख्याचे महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपे, त्यामुळे जुलै १९१७ मधली नोंद ‘सन १९१६-१७’ या मथळ्याखाली सापडेल. मराठवाड्यातल्या कागदांवर फसली साल, म्हणजे महसुलाच्या हिशेबासाठीची वेगळी कालगणना असते. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. हैदराबादचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे सुमारे १९०७ चा आहे. गावपातळीवरचा मजकूर पुष्कळदा मोडीत असतो. तो अंदाजाने लावू नये. जाणत्या मोडीवाचकाकडून लिप्यंतर करून घ्यावे, कारण आकडे आणि नावांतल्या एका चुकीने पुढचा सगळा शोध आडवाटेला जातो.

तिसरी पायरी : कागदाची जात ओळखा

कायदा, कायद्याखालचे नियम, सरकारी ठराव, परिपत्रक आणि कायदेमंडळाचा ठराव यांचे वजन सारखे नसते. यातला शेवटचा प्रकार सर्वांत जास्त घोटाळा करतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने आपले सभासद सी. के. बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य समाजाला खुले असावेत, अशी त्यात शिफारस होती. ती शिफारसच होती. सरकारने पुढच्या महिन्यात आपल्या खात्यांना तिची अंमलबजावणी करण्यास कळवले, १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्या तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. एकाच विषयाचे तीन स्तरांवरचे कागद असूनही पाणी मिळत नव्हते. तेव्हा ‘ठराव झाला’ एवढे वाचून ‘नियम लागू झाला’ असे लिहू नये.

शिक्षणाच्या बाबतीत हाच सावधपणा हवा. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने झालेला १९१८ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा मुंबई शहराबाहेरच्या नगरपालिकांसाठी होता, आणि त्याने सक्ती थेट लादली नाही. नगरपालिकेने तसे ठरवून सरकारची मंजुरी मिळवल्यावरच ती सुरू होई. १९२१ पासून शिक्षण हे खाते कायदेमंडळाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे गेले. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मंत्री असताना १९२३ चा कायदा झाला आणि प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे सोपवण्यात आला. गावच्या शाळेबद्दल लिहायचे असेल तर कायद्याचे साल बाजूला ठेवून शाळेचे जनरल रजिस्टर आणि लोकल बोर्डाचे कागद आधी पाहावेत.

चौथी पायरी : जमिनीची शर्त तिच्या उगमापर्यंत न्या

इथे घाई करणे महाग पडते. १८९९-१९०० च्या दुष्काळाने सारा (जमीन महसूल) थकला, जमिनी सरकारजमा होऊ लागल्या, आणि त्या परत दिल्यास सावकाराच्या घशात जातील असे कारण देऊन सरकारने १९०१ मध्ये मुंबई जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली. सरकारला आता हस्तांतराचा हक्क न देता जमीन देता येऊ लागली. रयतेचा जमिनीवरचा हक्कच ढिला होईल, असा आक्षेप घेऊन फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले आणि त्यांचे सहकारी मुंबई कायदेमंडळातून (कौन्सिलमधून) उठून गेले. दोन्ही बाजू रयतेच्या हिताचे नाव घेत होत्या. रयतेला विचारल्याचे मात्र कुठे दिसत नाही.

आजच्या सातबाऱ्यावरील ‘नवी शर्त’ (जमिनीच्या हस्तांतरावर बंधन) या शेऱ्याचे मूळ या दुरुस्तीत सापडू शकते, पण प्रत्येक वेळी तसे गृहीत धरू नये. वतन (सेवेबद्दल दिलेली वंशपरंपरागत जमीन) खालसा म्हणजे रद्द झाल्यावर फेरमंजूर झालेल्या किंवा इतर योजनांतून मिळालेल्या जमिनींवरही तशीच बंधने असतात. खरा उगम शोधण्यासाठी सातबाऱ्यावर वर्तुळात दिलेले फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद) क्रमांक टिपून एकेक फेरफार मागे मागे वाचत जावे. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा आहे आणि १९१३ मध्ये त्या तरतुदी जमीन महसूल कायद्यातच घातल्या गेल्या, म्हणून फेरफारांची साखळी साधारण या काळापर्यंत मागे जाते. मध्ये गट क्रमांक आडवा आला, तर जमिनीचे तुकडे जोडून नवे गट पाडणाऱ्या एकत्रीकरण योजनेच्या पत्रकांवरून जुना सर्व्हे नंबर जुळवून घ्यावा. शर्त घालणारा मूळ हुकूम किंवा कबुलायत (जमीन घेणाऱ्याने शर्ती मान्य केल्याचा लेख) हाती येईपर्यंत निष्कर्ष लिहू नये.

पाचवी पायरी : लष्करी कागद वेगळे ठेवा

लष्कर हा हिंदुस्थान सरकारचा विषय होता, त्यामुळे असे आदेश मुंबई सरकारच्या महसूल किंवा शिक्षण खात्याच्या दप्तरात शोधू नयेत. पलटणींचे आकडे दोनदा बदलले हेही ध्यानात असावे : १९०३ मध्ये मुंबईच्या पायदळ पलटणींच्या क्रमांकात शंभर मिळवले गेले, आणि १९२२ मध्ये १०३, १०५, ११०, ११४, ११६ व ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत एकत्र झाल्या. १९१७ मध्ये उभी राहिलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये मोडली गेली, म्हणून एखाद्या महार शिपायाचे नाव पुढच्या यादीत नसणे हा त्याने नोकरी केली नसल्याचा पुरावा ठरत नाही. पुणे, खडकी, देवळाली, अहमदनगर, कामठी अशा छावण्यांतल्या जागांना १९२४ चा कँटोन्मेंट कायदा लागू झाला. त्यांची नोंद छावणीच्या सर्वसाधारण जमीन नोंदवहीत असते आणि चौकशी रक्षा संपदा कार्यालयात करावी लागते.

सहावी पायरी : नक्कल मागा

फेरफार आणि जुन्या सातबाऱ्याच्या नकला तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, मोजणीचे कागद भूमी अभिलेख कार्यालयात, आणि खात्यांच्या फायली व गॅझेटे मुंबई व पुणे येथील पुराभिलेखागारांत मागाव्यात. अर्जात गाव, तेव्हाचा तालुका, सर्व्हे नंबर, अंदाजे वर्ष आणि ठरावाचा क्रमांक असल्यास खात्याच्या नावासह लिहावा. कोर्टात किंवा कचेरीत वापरायची असेल तर साधी छायाप्रत न घेता प्रमाणित नक्कलच घ्यावी.