शाळा उघडण्यापूर्वीची आरोग्यतपासणी आणि दप्तरातली चिठ्ठी

विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटी शेवटी उघडतात. पुण्या-मुंबईची मुले वर्गात जाऊन बसलेली असतात, तेव्हा नागपूरच्या पालकांच्या हाती अजून थोडे दिवस शिल्लक असतात आणि ते बहुधा गणवेश, वह्यांची कव्हरे व व्हॅनवाल्याशी घासाघीस यांत संपतात. मुलांची आरोग्यतपासणी करून घ्यायला वर्षभरात याहून सोयीचे दिवस मिळत नाहीत. शाळा बुडत नाही, एकाच खेपेत दोन्ही भावंडांना नेता येते, आणि चष्मा किंवा औषध लागलेच तर मूल पहिल्या दिवसापासून ते घेऊन वर्गात बसते.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे, ‘तपासणी तर शाळेतच होते.’ ते अर्धे खरे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू असून त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका असे पथक गाडीने फिरते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येते. जन्मजात व्यंग, पोषणाची कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतील विलंब या चार गोष्टी ते पाहते. मात्र विनाअनुदानित खासगी शाळेत हे पथक येईलच असे धरून चालू नये. तेथील मुलांची जबाबदारी पूर्णपणे पालकांवर असते. दुसरे असे की, शाळेतील तपासणी ही चाळणी आहे. पथकाला मुलामागे काही मिनिटेच मिळतात. काही संशयास्पद दिसले की पथक चिठ्ठी देते आणि पुढच्या तपासणीसाठी पाठवते. उपचार सुरू होतो तो त्या चिठ्ठीपासून, आणि नेमकी तीच दप्तरात राहून जाते.

हे मी स्वानुभवाने लिहीत आहे. माझी मुलगी तिसरीत असताना जुलैत मिळालेली चिठ्ठी मला दिवाळीच्या सुट्टीत दप्तर धुवायला काढले तेव्हा सापडली. लोणच्याच्या तेलाने कागद आरपार दिसू लागला होता, तरी ‘उजवा डोळा ६/१२’, म्हणजे त्या डोळ्याची नजर कमी, एवढे वाचता येत होते. मधल्या चार महिन्यांत ती फळ्यावरचे सगळे शेजारणीच्या वहीतून उतरवून घेत होती आणि मी तिला ‘लक्ष कुठे असते तुझे’ म्हणून रागावत होते. चूक शाळेची नव्हती.

त्यामुळे दवाखान्याच्या आधी घरच्या घरी काही गोष्टी पाहून त्या कागदावर लिहून ठेवाव्यात. दाराच्या चौकटीला मुलाला टाचा टेकवून उभे करावे, डोक्यावर वही आडवी धरून पेन्सिलीने खूण करावी आणि शेजारी तारीख लिहावी. पाच ते दहा वर्षांचे मूल वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटीमीटर वाढते. गेल्या जूनची खूण असेल आणि वाढ चार सेंटीमीटरहून कमी भरली, तर डॉक्टरांना तसे सांगावे. डोळ्यांसाठी भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर मुलाला लांब उभे करून आधी एक, मग दुसरा डोळा तळहाताने झाकायला लावावा आणि दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसते का ते पाहावे. दोन्ही डोळे उघडे ठेवून विचारले तर चांगला डोळा कमजोर डोळ्याचे काम झाकून नेतो आणि मूल काही तक्रार करत नाही, कारण जग असेच दिसते अशी त्याची समजूत असते. एक डोळा दीर्घकाळ कमजोर राहिला तर मेंदू त्याच्याकडून येणारे चित्र वापरणेच सोडून देतो. यालाच आळशी डोळा म्हणतात आणि सात-आठ वर्षांच्या आत लक्षात आल्यास तो सुधारण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते. कानांसाठी पाठीमागून, मुलाला ओठ दिसणार नाहीत अशा रीतीने हळू आवाजात त्याचे नाव घ्यावे. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला शिकवणी लावण्यापूर्वी डोळे आणि कान तपासून घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. शिकवणीचे पैसे त्यानंतरही देता येतात.

पहिली पायरी घराजवळचे नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र ही असावी. नागपूर महानगरपालिकेच्या दहाही झोनमध्ये अशी केंद्रे आहेत, आणि साधारण पन्नास हजार लोकवस्तीमागे एक असे त्यांचे प्रमाण ठरवलेले आहे. आपल्या वस्तीचे केंद्र कोणते, लसीकरणाचा वार कोणता, रक्ततपासणीचे नमुने किती वाजेपर्यंत घेतात, हे सर्वांत अचूक आशाताई सांगतात. येथील तपासणी, औषधे आणि लसी यांना पैसे पडत नाहीत, आणि मूल कोणत्या शाळेत शिकते हे कोणी विचारत नाही. रोजीवर जाणाऱ्या आईवडिलांची खरी अडचण दवाखान्याच्या खर्चाची नसते, बुडणाऱ्या दिवसाची असते. त्यांच्यासाठी ‘आपला दवाखाना’ ही केंद्रे उपयोगी पडतात, कारण त्यांची वेळ मुद्दाम दुपारनंतरची ठेवलेली असते. तरी जाण्यापूर्वी दारावरची पाटी एकदा वाचून यावी. घरबसल्या काही विचारायचे असल्यास १०४ या क्रमांकावर आरोग्यविषयक सल्ला मिळतो.

बरोबर एक प्लॅस्टिकची फाइल न्यावी. तीत लसीकरण कार्ड, मुलाचे आधार कार्ड, शिधापत्रिका, जुन्या तपासण्यांचे अहवाल आणि घरी लिहिलेला तो कागद असावा. लसीकरण कार्ड हरवले असेल तर जेथे लसी दिल्या तेथील नोंदवहीत शोधता येते. पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान त्रिगुणी लसीचा दुसरा बूस्टर आणि नंतर दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस, या शाळकरी वयातल्या मात्रा सर्वाधिक राहून जातात. बाळ लहान असताना काटेकोर असलेले घर, मूल शाळेत जाऊ लागले की लस विसरते. एखादी मात्रा चुकली म्हणून सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही. जेथे थांबले तेथून पुढे द्यायचे असते. मात्र त्रिगुणीचा तो बूस्टर सातव्या वर्षापर्यंतच देतात, हे ध्यानात ठेवावे.

आता रक्ताकडे वळू, कारण विदर्भात या तपासणीचा अर्थ केवळ हिमोग्लोबिन एवढाच नाही. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाचे हिमोग्लोबिन ११.५ ग्रॅमच्या खाली आणि बारा ते चौदा वर्षांच्या मुलाचे १२ ग्रॅमच्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय आहे असे मानतात. बहुतेक वेळा कारण लोहाची कमतरता हेच असते. शाळेतून आठवड्याला मिळणाऱ्या गोळ्या, दहा वर्षांपर्यंत गुलाबी आणि त्यापुढे निळी, त्याचसाठी असतात. सकाळी चहा-पोळी खाऊन शाळेत जाणे ही आपल्याकडची घरोघरची रीत आहे, पण चहा अन्नातील लोह शरीराला मिळू देत नाही. तो चहा बंद करून जेवणात लिंबाची फोड वाढली, तर गोळीइतका नसला तरी फरक पडतो. जंत हेही रक्तक्षयाचे एक कारण आहे. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या जंतनाशक दिनांना शाळेत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी मूल चावून खाते की खिशात घालून आणते, एवढे विचारावे.

परंतु रक्त कमी असण्याचे दुसरे कारण आपल्या भागात नेहमी मनात ठेवावे लागते, ते म्हणजे सिकलसेल. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, लवकर फुटतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून असह्य वेदना निर्माण करतात. ज्या प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता, तेथे या आनुवंशिक दोषाच्या वाहकांना, म्हणजे दोष असूनही स्वतः आजारी नसलेल्यांना, हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळाले आणि म्हणून तो दोष टिकून राहिला. एखाद्या जातीला किंवा जमातीला नावे ठेवण्याचा हा विषय नाही. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आणि त्यात या आजाराचे प्रमाण जास्त असलेल्या आदिवासी भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी अपेक्षित आहे. १९ जून हा जागतिक सिकलसेल दिन नेमका आपल्या शाळा उघडण्याच्या तोंडावर येतो. त्या सुमारास तपासणी शिबिरे लागतात, त्यांचा लाभ घ्यावा.

तपासणीचे दोन टप्पे असतात. पहिली सोल्युबिलिटी चाचणी बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तावर होते, पण ती दोष आहे एवढेच सांगते. मूल वाहक आहे की रुग्ण हे सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी तपासणी लागते. पहिल्या अहवालावरच घाबरून जाणे किंवा पहिल्याच अहवालावर थांबणे, दोन्ही सारखेच चुकीचे आहे. अहवालात ‘एएस’ आले तर मूल वाहक आहे; त्याला सहसा त्रास नसतो, औषध लागत नाही, खेळायला बंदी नसते. ‘एसएस’ आले तर नियमित उपचार लागतात. आईवडील दोघेही ‘एएस’ असतील तर प्रत्येक गर्भधारणेत बाळ ‘एसएस’ होण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून एका मुलात दोष निघाल्यास भावंडांची तपासणीही त्याच फेरीत करावी. ‘एसएस’ मुलाचे डोळे वरचेवर पिवळे दिसतात, हातपाय सुजतात, सांधे दुखतात. मग घरचे त्याला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतात किंवा वात म्हणून तेल चोळतात, आणि त्यात वर्षे जातात. ‘एसएस’ मुलाला डॉक्टरांना न विचारता लोहाचे टॉनिकही देऊ नये, कारण त्याचे रक्त पेशी फुटल्यामुळे कमी झालेले असते.

अशा मुलाच्या शाळेला एक साधे पत्र द्यावे. त्यात लिहावे की मुलाला तासाच्या मध्येही पाणी पिण्याची व लघवीला जाण्याची मुभा असावी, उन्हात कवायत किंवा धावण्याची शिक्षा देऊ नये, पावसात भिजल्यास कपडे बदलू द्यावेत, आणि ताप किंवा तीव्र वेदना असल्यास शाळा सुटण्याची वाट न पाहता घरी कळवावे. शरीरात पाणी कमी पडले की या वेदना उठतात, आणि नागपूरच्या जूनअखेरच्या उकाड्यात पाण्याची बाटली दुसऱ्या तासालाच रिकामी होते. सिकलसेल आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी कोठे अर्ज करावा हेही उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून ठेवावे. दम्याच्या मुलासाठी इन्हेलर कोणत्या कप्प्यात आहे ते पत्रात लिहावे. फिट येणाऱ्या मुलासाठी असे लिहावे की, त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, आणि पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर १०८ ला फोन करावा.

दातांचे थोडक्यात सांगते. सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे येणारी दाढ दुधाची नसते, ती जन्मभराची असते, आणि ‘पडणारच आहे’ म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. ती किडली असेल तर मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, परिसरातील शासकीय दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांसाठी स्वतंत्र विभाग आहे.

आरोग्य केंद्राने पुढे पाठवले तर बहुतेकांची वाट मेडिकल, मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा मिहानमधील एम्सकडे जाते. केंद्राची चिठ्ठी सोबत असेल तर कोणत्या विभागात जायचे हा पहिला तास वाचतो. सकाळी लवकर पोहोचून केस पेपर काढावा, मुलाला काही खाऊ घालूनच न्यावे, फक्त रक्त उपाशीपोटी द्यायचे आहे का हे आदल्या दिवशी विचारून ठेवावे. हृदयाला छिद्र असण्यासारखे काही निघाल्यास खर्चाच्या धास्तीने थांबू नये. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात आणि आता शिधापत्रिकेचा रंग आड येत नाही. योजनेतील रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ बसलेले असतात. पैसे भरण्यापूर्वी त्यांना भेटावे, नंतर नव्हे. बाह्यरुग्ण विभागातील साधी तपासणी मात्र या योजनेत धरलेली नाही.

घरातले एक काम याच आठवड्यात उरकावे. पाऊस लागला की कूलर बंद होतो आणि टाकीत वीतभर पाणी तसेच राहते. डेंगूचा डास तेथेच अंडी घालतो आणि दिवसा, शाळेच्या वेळेत चावतो. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. टाकी घासून, पुसून, उन्हात पालथी घालावी.

शाळा सुरू झाल्यावर दर शनिवारी दप्तर पालथे करून तळाचे कागद काढावेत. तपासणीची चिठ्ठी निघाली तर ती फाइलमध्ये घालून पुढच्या भेटीची तारीख दिनदर्शिकेवर त्याच दिवशी लिहावी, आणि चष्मा लागलेल्या मुलासाठी सहा महिन्यांनंतरच्या चौकटीत ‘नंबर तपासणे’ एवढे दोन शब्द.