ग्रॅनव्हिल आयलंडला जाताना या चुका टाळा

कॅनडातल्या व्हँकुव्हरला मुलामुलींकडे आलेल्या आईवडिलांना ग्रॅनव्हिल आयलंड दाखवायचे, असा इथल्या मराठी घरांत प्रघातच पडला आहे आणि तो योग्य आहे. फॉल्स क्रीक खाडीच्या काठावरच्या सुमारे 15 हेक्टर जागेत मंडई, नाट्यगृह, काच फुंकणाऱ्यांच्या भट्ट्या, कुंभारकामाचे स्टुडिओ आणि काँक्रीटचा चालू कारखाना एकमेकांना खेटून नांदतात. असे दृश्य या शहरात दुसरीकडे नाही. तरीही अनेक पाहुणे घरी परतल्यावर “छान होते, पण फार गर्दी आणि सगळेच महाग” एवढेच सांगतात. दोष जागेचा नसतो, जाण्याच्या पद्धतीचा असतो आणि त्याच त्या चुका दर उन्हाळ्यात होताना पाहून आता त्या लिहून काढणे मला आवश्यक वाटते.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे शनिवारी किंवा रविवारी दुपारी गाडी घेऊन जाणे. नावात आयलंड असले तरी हे बेट दक्षिणेकडे जमिनीला जोडलेले आहे आणि गाड्यांना आत शिरायला अँडरसन स्ट्रीट हा एकच रस्ता आहे. आतल्या बहुतेक रस्त्यांना वेगळा पदपथ नाही. पायी चालणारे, सायकली, गाड्या आणि काँक्रीटचे मिक्सर एकाच रस्त्यावरून सावकाश जातात, कारण या जागेची आखणीच माणूस आणि वाहन एकत्र वावरतील अशी केलेली आहे. सवय झाली की ही रचना फार सुंदर वाटते, मात्र घाईत असलेल्या चालकाला ती असह्य होते.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला मी बसने किंवा होडीने या, असे आवर्जून सांगितले होते. त्यांच्याकडे पुण्याहून आलेल्या आजी होत्या, त्या काठी घेऊन चालत, म्हणून गाडीच बरी असे त्यांनी ठरवले. जुलैतला शनिवार, दुपारचे साडेबारा. मुलाने मंडईच्या दाराशी आजींना आणि पत्नीला उतरवले, “आई, इथेच थांबा, गाडी लावून आलोच” म्हणाला आणि मिक्सरच्या मागे अडकला. आत जागा मिळेना म्हणून तो बाहेर पडला आणि पुन्हा आत यायच्या रांगेत लागला. इकडे सुनेने आजींना दाराजवळ उभे केले आणि ती कॉफी आणायला आत गेली. परतताना गर्दीत तिने दुसरेच दार धरले. आजींच्या फोनमध्ये इथले सिमकार्ड नव्हते. आम्ही होडीने आधीच पोहोचलो होतो म्हणून बरे; शोधत गेलो तेव्हा आजी फुलांच्या गाळ्याशेजारी बसलेल्या सापडल्या. गाळेवाल्या बाईंनी त्यांना स्वतःचे स्टूल दिले होते, काठी बादलीतल्या ग्लॅडिओलसच्या दांड्यांना टेकवून ठेवली होती आणि आजींनी पर्स दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली होती. मुलगा आला तोपर्यंत दुपारच्या नाटकाची वेळ टळून गेली होती. ज्येष्ठ माणसांच्या सोयीसाठी म्हणून आणलेल्या गाडीने सर्वांत जास्त हाल ज्येष्ठांचेच केले, हे मला आजही बोचते.

त्यामुळे माझी सवय ठरलेली आहे. शक्यतो कामकाजाच्या दिवशी, सकाळी नऊला मंडई उघडते त्या सुमारास पोहोचायचे. डाउनटाउनमधून 50 क्रमांकाची बस प्रवेशाच्या रस्त्याजवळ सोडते, ती सर्वांत सोपी. माझा कल मात्र होडीकडे असतो, कारण हॉर्न्बी स्ट्रीटच्या टोकाच्या धक्क्यावरून काही मिनिटांत खाडी ओलांडता येते आणि पाण्यावरून मंडईकडे येताना ही जागा खऱ्या अर्थाने समजते. इंद्रधनुष्यी पट्ट्यांच्या ॲक्वाबसच्या होड्या आणि निळ्या रंगाच्या फॉल्स क्रीक फेरीजच्या होड्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत. एकीचे परतीचे तिकीट दुसरीवर चालत नाही. नकाशात ग्रॅनव्हिल पूल बेटाच्या डोक्यावरून जाताना दिसतो म्हणून पुलावरून चालत निघू नये, कारण पुलावरून थेट खाली उतरायला वाट नाही आणि पलीकडे जाऊन मोठा वळसा घ्यावा लागतो.

दुसरी चूक मला याहूनही अधिक खटकते: मंडईत खाऊन, चार फोटो काढून परत फिरणे. “दोन तासांत उरकून टाकू” म्हणणाऱ्यांनी खरे तर येऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 1915-16 मध्ये खाडीतला गाळ उपसून आणि भर घालून ही जमीन उद्योगांसाठी तयार केली गेली. पुढे कारखाने बंद पडत गेले, तेव्हा 1970 च्या दशकात कॅनडाचे केंद्रीय मंत्री रॉन बॅसफोर्ड यांच्या पुढाकाराने तिचे पुनरुज्जीवन सुरू झाले आणि 1979 मध्ये मंडई उघडली. जुन्या शेड पाडण्याऐवजी वापरात आणल्या गेल्या, म्हणूनच पन्हाळी पत्रे आणि रस्त्यांतले रेल्वेचे रूळ आजही दिसतात. 1917 पासूनचा ओशन काँक्रीटचा कारखाना अजून चालू आहे आणि त्याच्या उंच सायलोंवर, म्हणजे साठवणीच्या टाक्यांवर, ओस जेमिओस या ब्राझीलच्या जुळ्या भावांनी 2014 मध्ये रंगवलेल्या महाकाय आकृती उभ्या आहेत. ही काम करणाऱ्यांची जागा आहे, हे ज्याला कळले त्याला मंडईच्या पलीकडे जावेसे वाटतेच.

मी पाहुण्यांना आधी रेलस्पर ॲली या गल्लीकडे नेतो, मंडई नंतर. तिथल्या परिसरात कारागीर दारे उघडी ठेवून काम करतात. काच तापवून फुंकताना, हाताने झाडू बांधताना पाहता येतात. मालास्पिना प्रिंटमेकर्समध्ये छापचित्रे पाहायला मिळतात. अशा ठिकाणी फोटो काढण्यापूर्वी विचारावे. घासाघीस तर अजिबात करू नये. एका पाहुण्यांनी एका कुंभार बाईंना “शेवटचा भाव सांगा” अशा अर्थाचे इंग्रजीत विचारले, तेव्हा त्यांनी काही न बोलता पेला उचलून फडताळात परत ठेवला. पाहुण्यांना तो उद्धटपणा वाटला. मला त्या बाईंचे वागणे रास्त वाटले. तो पेला त्यांनी स्वतः चाकावर घडवलेला, भाजलेला आणि झिलई दिलेला होता. समोर उभ्या असलेल्या करणाऱ्याशी किमतीवरून हुज्जत घालण्यापेक्षा परवडत नसेल तर लहान वस्तू घ्यावी, किंवा नुसते मनापासून पाहून आभार मानावेत. त्याचे कोणालाही वाईट वाटत नाही. मंडईच्या आतही स्थानिक कारागिरांची टेबले असतात, पण विक्रेते दिवसागणिक बदलतात, तेव्हा आवडलेली वस्तू “उद्या घेऊ” म्हणून सोडू नये.

जुन्या माहितीवर विसंबून एमिली कार कला विद्यापीठ शोधत फिरणारेही भेटतात. ते 2017 मध्ये येथून हलले.

खाण्याबाबत थोडक्यात सांगतो. शाकाहारी मंडळींनी सूप घेण्यापूर्वी ते कशाच्या स्टॉकमध्ये, म्हणजे उकळून काढलेल्या अर्कात, केले आहे हे विचारावे, नुसते वरून पाहून ठरवू नये. बाहेर पाण्याकाठी खायला बसल्यावर सीगल पक्ष्यांकडे पाठ करू नये आणि त्यांना तुकडे तर कधीच टाकू नयेत. ते हातातला घास उचलून नेतात आणि लहान मुले घाबरतात. खाऊ घालणारा एक असतो, त्रास मात्र नंतर बसणाऱ्या सगळ्यांना होतो.

मासे, चीज आणि उन्हाळ्यातल्या ओकानागन खोऱ्यातल्या चेरी शेवटी, निघताना घ्याव्यात. सॅमन घेऊन तीन तास हिंडणारे लोक पाहिले की मला त्या माशाची कीव येते. विचारले तर मासेवाले बर्फासह बांधून देतात. मंडई संध्याकाळी सहाला बंद होते आणि त्याआधीच काही गाळेवाले आवरायला लागतात, म्हणून खरेदीला पाचच्या आत वळावे.

नाटक पाहायचे असेल तर तिकीट आधी काढावे. सप्टेंबरात फ्रिंज हा नाट्यमहोत्सव आणि ऑक्टोबरात लेखक महोत्सव असतो, तेव्हा कार्यक्रम पाहूनच दिवस निवडावा. पावसाला भिऊन बेत रद्द करण्याचे कारण नाही. मंडई छताखाली आहे, स्टुडिओ छताखाली आहेत आणि नोव्हेंबरातल्या पावसाळी मंगळवारी कारागिरांना बोलायला निवांत वेळ असतो.