उमरेडवरून नागपुरात उतरणारं विमान घरच्या लॅपटॉपवर उतरवायची तयारी

आधी एक विमान पक्कं करा. ‘नागपूरला लँडिंग’ एवढ्यावर भागत नाही. कोणत्या तारखेचं, किती वाजताचं, कोणत्या जातीचं हे ठरेपर्यंत सिम्युलेटर (विमान उडवण्याचा संगणकी खेळ) उघडूच नका. उमरेड तालुक्यात राहणाऱ्यांचं याबाबतीत बरं आहे. नागपूरची धावपट्टी १४/३२, म्हणजे आग्नेय-वायव्य आडवी; आग्नेयेकडून येताना ती ३२, वायव्येकडून येताना १४. वारा वायव्येचा असला की विमानं ३२ वर उतरतात आणि त्यासाठी आपल्याच वावरांवरून सरळ रेषेत येतात. वारा उलटला की ती कळमेश्वरकडून १४ वर जातात आणि आपल्याकडे काही दिसत नाही. म्हणून मे महिन्यातली, गरम वाऱ्याची संध्याकाळ निवडा. धुऱ्यावर उभं राहून विमान ओळखायचं, फोनवर फ्लाइटरडारमध्ये (उडणारी विमानं दाखवणारं ॲप) त्याचा नंबर बघायचा, वेळ टिपून ठेवायची. साधारण एअरबसचं ए३२० असतं, नाहीतर त्याचंच भावंड ए३२१.

मग हवामान. विमानतळाचा त्या वेळचा मेटार, म्हणजे हवामानाची छोटी नोंद, शोधा. त्यात वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करायचे: संध्याकाळचे ६ म्हणजे १२:३०. चार आकडे कागदावर उतरवा: वारा, दृश्यता, तापमान, क्यूएनएच (समुद्रसपाटीला धरून काढलेला हवेचा दाब). सिम्युलेटर त्या क्षणाचं हवामान आपोआप भरतो, त्या ‘लाइव्ह वेदर’वर विसंबू नका. तुम्ही रात्री जेवण करून बसणार, तोवर बाहेरची हवा पार बदललेली असते. आकडे हातानेच भरा. दृश्यता तर नक्कीच, कारण सिम्युलेटरचं आकाश नेहमी धुतल्यासारखं असतं आणि आपल्याकडे मे महिन्यात धुळीने क्षितिज दिसत नाही. ६ किलोमीटर दृश्यता ठेवली तर धावपट्टी शेवटच्या तीनेक नॉटिकल मैलांतच दिसते. तेही मावळता सूर्य नाकाच्या थोडा डावीकडे असताना.

आता ज्यासाठी ही सगळी खटपट, ती गोष्ट: ऊन. लोक सीनरीवर महिने घालतात आणि तापमान १५ अंशांवरच सोडून देतात. मला विचाराल तर असा ॲप्रोच (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणं) नागपूरचा नाहीच, मग खाली सीनरी कितीही हुबेहूब असो.

समजा ४४ अंश आहे आणि क्यूएनएच १००१. विमानतळ समुद्रसपाटीपासून १०३३ फुटांवर, पण अशा हवेत डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणानुसार विमानाला जाणवणारी उंची, पाच हजारांच्या वर जाते. हवा विरळ, म्हणून काट्यावर १३६ नॉट (तासाला तितके नॉटिकल मैल) दिसत असताना विमान हवेतून खरं १४७ च्या आसपास धावत असतं. समोरून दहा नॉटचा वारा असेल तर जमिनीवरचा वेग १३७. फ्लाइटरडार दाखवतं तो हाच जमिनीवरचा वेग, पायलटच्या काट्यावरचा नव्हे. दोन्हींची गल्लत करू नका. उतरण्याचा दर काढायला हाच आकडा पाचने गुणा: मिनिटाला सातशे फुटांच्या जवळपास येतो.

उंचीचं गणित याहून मजेशीर आहे. तीन अंशांच्या ग्लाइड स्लोपवर, म्हणजे उतरण्याच्या तिरक्या वाटेवर, धावपट्टीपासून १० नॉटिकल मैलांवर विमान तिच्यापेक्षा सुमारे ३२३० फूट वर असतं. थंड, पुस्तकी दिवशी (समुद्रसपाटीला १५ अंश) अल्टिमीटर, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणारा काटा, तिथे ४२५० च्या आसपास दाखवेल. ४४ अंशांत मात्र हवा फुगलेली असते, त्यामुळे अल्टिमीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवतो आणि त्याच जागी ३९५० च्या आसपास येतो. ग्लाइड स्लोप जागचा हललेला नसतो, फक्त काटा तीनशे फूट खाली. आता फ्लाइटरडारची उंची बघा. ती नेहमी १०१३ या ठरीव दाबावर मोजलेली, म्हणून क्यूएनएच १००१ असताना पायलटच्या काट्यापेक्षा सव्वातीनशे फूट जास्त दिसते. एक चूक वर नेते, दुसरी खाली आणते, आणि आलेख अगदी पुस्तकी ४२५० च्या जवळ बसतो. तो बघून ‘काही दुरुस्ती लागत नाही’ असं समजलात तर फसाल. दुसऱ्या दिवशी दाब वेगळा असला की सगळं विस्कटतं. तुमचा सिम्युलेटर ऊन मानतो का, हे ताडायला तोच ॲप्रोच एकदा १५ आणि एकदा ४५ अंशांवर उडवा. १० मैलांवरचा आकडा दोन्ही वेळा सारखाच आला तर तुमच्या सिम्युलेटरात उन्हाळा नाही.

ॲप्रोचचा नकाशा, म्हणजे चार्ट, भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ई-एआयपी या ऑनलाइन माहितीपुस्तिकेत फुकट मिळतो. ३२ चा आयएलएस (रेडिओ लहरींनी धावपट्टीपर्यंत वाट दाखवणारी यंत्रणा) बघा आणि फ्रिक्वेन्सी, कोर्स, उतरणं जमलं नाही तर जायची वाट सिम्युलेटरच्या डेटाशी ताडा. हा डेटा दर २८ दिवसांनी बदलतो. जुना असेल तर चार्टही त्याच तारखेचा असला पाहिजे. धावपट्टीची लांबी ३२०० मीटर येते का, तेही बघून घ्या.

सीनरीत फार जीव अडकवू नका. उमरेडची कोळसा खाण, उजवीकडे उमरेड रोड, डावीकडे दूर वर्धा रोड आणि जामठ्याचं स्टेडियम, एवढं जागच्या जागी असलं की पुरे. मोबाइलच्या डेटावर खेळणाऱ्यांनी हा पट्टा आदल्या रात्रीच डाउनलोड करून ठेवावा. मशीन जुनं असेल तर फ्लाइटगिअर घ्या, फुकट आहे आणि तापमान-दाब हाताने भरू देतं.

लॅपटॉप कुलरच्या थेट झोतात ठेवू नका, ओलाव्याने बिघडतो. पण मे महिन्यात बंद खोलीतही तो तापून धापा टाकेल, म्हणून फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) ३० वर बांधा. लाईन जाण्याचा भरवसा नाही, तेव्हा इन्व्हर्टरवर बसा आणि सुरुवातीची जागा सेव्ह करा: धावपट्टीपासून १५ नॉटिकल मैल, चार्टवरच्या उंचीवर, १८० नॉट, फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) १. जॉयस्टिक सेकंडहँड चालेल. फक्त मधला डेड झोन (दांडी जराशी हलली तरी विमान हलत नाही ती जागा) तपासा, नाहीतर ए३२० आपोआप एका बाजूला झुकत राहील.

बसल्यावर क्यूएनएच लावा. चाकं जमिनीपासून दोन हजार फुटांच्या आसपास खाली सोडा, फ्लॅप पूर्ण त्यानंतर लगेच. हजार फुटांवर वेग, दर आणि रेषा तिन्ही बसलेली नसतील तर ओढाताण करू नका, थ्रॉटल पूर्ण पुढे, गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर. खरा पायलटही तेच करतो. रेकॉर्डिंग आधीच चालू ठेवा आणि नंतर दर दोन मैलांवरची तुमची उंची आणि वेग फ्लाइटरडारच्या आकड्यांशेजारी मांडा, दाबाची दुरुस्ती करून. शंभरेक फुटांचा फरक चालतो. त्याहून जास्त निघाला तर स्वतःच्या हाताला दोष देण्याआधी क्यूएनएच आणि तापमानाचे रकाने पुन्हा बघा.