ड्रोनचा सिग्नल हवेतच तुटला तर काय करायचं

ड्रोन दोन-तीनशे मीटरवर गेलेला असतो. स्क्रीनवरचं चित्र अडखळायला लागतं, त्याच्या चौकटी-चौकटी होतात, मग सगळं राखाडी होऊन सिग्नल तुटल्याचा संदेश झळकतो. पोटात गोळा येतो आणि दोन्ही अंगठे आपसूक रिमोटवरच्या स्टिक (ड्रोन हलवायच्या दांड्या) ढकलू लागतात.

अशा वेळी पहिल्यांदा एक गोष्ट आठवायची. जीपीएस असलेला ड्रोन सिग्नल तुटला म्हणून दगडासारखा खाली पडत नाही. तो तोल सांभाळतो, आहे तिथे थांबतो, काही सेकंद रिमोटची वाट पाहतो आणि मग त्याला आधी सांगून ठेवलेलं काम करायला घेतो. ते काम तुम्ही नीट विचार करून सांगितलं होतं का, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. म्हणून या लेखाचा मोठा भाग उड्डाणाच्या आधीचाच आहे.

उडवण्याआधी: सिग्नल गेला तर काय, हे ड्रोनला सांगून ठेवा

अॅपच्या सेटिंगमध्ये, बहुधा सुरक्षेच्या पानावर, सिग्नल तुटल्यावर काय करायचं याचे पर्याय असतात. साधारण तीन सापडतात: घरी परत ये (रिटर्न टू होम), आहे तिथे थांब, आहे तिथेच खाली उतर. मोकळ्या मैदानावर पहिला पर्याय योग्य. पण पुलाखाली, छताखाली किंवा दाट फांद्यांखाली उडवणार असाल तर तोच पर्याय घातक ठरतो. परत येण्यासाठी ड्रोन बहुधा आधी सरळ वर चढतो आणि डोक्यावर काय आहे हे बहुतेक छोट्या ड्रोनना दिसत नाही. अशा जागी ‘थांब’ निवडा आणि काम झाल्यावर सेटिंग पूर्ववत करा. हे दुसरं पाऊल विसरलं जातं, म्हणून मी ते बॅटरीच्या डबीवर चिकटवलेल्या चिठ्ठीत लिहून ठेवलंय.

यानंतर परतीची उंची. ड्रोन ठरलेल्या उंचीपर्यंत चढतो आणि मग सरळ रेषेत होम पॉइंटकडे, म्हणजे घर म्हणून नोंदवलेल्या जागेकडे निघतो. वाटेत त्याहून उंच झाड, मनोरा किंवा इमारत असेल तर टक्कर ठरलेली. समोरचे अडथळे ओळखणारे सेन्सर असले तरी बारीक तारा आणि पानं झडलेल्या फांद्या त्यांना दिसतीलच असं नाही, अंधारात तर त्यांचा फारसा भरवसा नाही. मी आजूबाजूच्या सर्वात उंच वस्तूचा अंदाज घेऊन त्यावर १५ ते २० मीटर धरतो. उगाच फार जास्तही ठेवू नका, कारण वर वारा अधिक असतो आणि चढण्यात बॅटरी जाते. एक सूक्ष्म भाग असा, की ही उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते. तुम्ही दरीत उभे राहून डोंगराकडे ड्रोन पाठवलात तर ५० मीटरची परतीची उंची उताराच्या मध्यावरच संपलेली असेल.

तिसरी गोष्ट होम पॉइंटची. ड्रोन परत ‘घरी’ येतो म्हणजे त्याने नोंदवलेल्या जागी येतो. उपग्रह पुरेसे मिळण्याआधीच उडवलात तर ती नोंद झालेलीच नसेल, किंवा पुढे कुठेतरी हवेत असताना झाली असेल. होम पॉइंट नोंदवल्याची सूचना येईपर्यंत थांबा आणि नकाशावर त्याची खूण तुमच्या पायाशीच दिसतेय ना, हे डोळ्यांनी बघा. बोटीतून उडवत असाल तर जास्त सावध राहा. बोट पुढे सरकते, नोंद मागेच राहते आणि ड्रोन प्रामाणिकपणे पाण्यात उतरतो. होम पॉइंट रिमोटच्या जागेनुसार बदलण्याची सोय असेल तर ती अशा वेळी वापरा.

खेळण्यातल्या, जीपीएस नसलेल्या ड्रोनला यातलं काहीच लागू नाही. सिग्नल तुटला की तो बहुधा हळूहळू खाली उतरतो आणि तोवर वारा नेईल तिकडे वाहत जातो. तो वाऱ्यात उडवूच नये आणि हाक मारण्याच्या अंतरापलीकडे नेऊ नये. स्वतः बांधलेल्या रेसिंग ड्रोनची गोष्ट त्याहून कठोर: त्यात सिग्नल गेला की मोटारी बंद करून खाली पाडायचं, हेच पुष्कळदा मूळ सेटिंग असतं, कारण बेभान उडत राहण्यापेक्षा ते कमी धोक्याचं.

सिग्नल मुळात तुटतो का

छोटे ड्रोन बहुतेक २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झवर बोलतात. घरातलं वायफायही याच पट्ट्यांत चालतं, त्यामुळे दाट वस्तीत गर्दी आधीच झालेली असते. २.४ चा पल्ला जरा बरा आणि तो झाडाझुडपांतून थोडा अधिक निभावतो. ५.८ अडथळ्यांपुढे लवकर हार मानतो, पण गोंगाटाच्या जागी मोकळा मिळू शकतो. ड्रोनला आपोआप निवडू देणं हेच बहुतेकदा ठीक.

अंतर दुप्पट झालं की पोचणारी शक्ती चौथाई होते. खोक्यावर छापलेला पल्ला पूर्ण मोकळ्या, गोंगाट नसलेल्या जागेतला असतो. शिवाय तो त्या त्या प्रदेशात किती शक्तीनं प्रक्षेपण करायला परवानगी आहे यावरही ठरतो. डीजेआय मिनी २ चंच उदाहरण घ्या: अमेरिकी नियमांनुसार त्याचा पल्ला १० किलोमीटर सांगितला जातो, तर युरोपीय नियमांनुसार ६ किलोमीटर. ड्रोन तोच, आकडे दोन. हा आकडा उडवण्याचं उद्दिष्ट समजू नका. बऱ्याच देशांत ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि नजरेच्या टप्प्यात ठेवलेल्या ड्रोनचा सिग्नल अंतरामुळे क्वचितच जातो. तो जातो आडोशामुळे.

आणि आडोसा म्हणजे फक्त भिंत नव्हे. रेडिओ लहरींना सुतासारखी बारीक वाट पुरत नाही, त्यांना मधोमध फुगलेला एक पट्टा मोकळा लागतो. २.४ गिगाहर्ट्झवर १ किलोमीटर अंतरासाठी हा पट्टा मध्यावर सरळ रेषेच्या चहूबाजूंनी साधारण साडेपाच मीटर पसरलेला असतो. म्हणून ड्रोन डोळ्यांना स्वच्छ दिसत असतो, तरी तो लांबवर जमिनीलगत उतरवला की सिग्नल कोसळतो, कारण जमीन आणि झुडपं त्या पट्ट्यात घुसलेली असतात. गच्चीवरून उडवणाऱ्यांचा घात कठड्याच्या कोनात होतो. मागच्या भिंतीशी उभं राहून ड्रोन इमारतीच्या कडेखाली नेला की मध्ये सळया घातलेलं काँक्रीट येतं. तुमचं स्वतःचं शरीरही अडथळा आहे. ड्रोन पाठीमागे गेला की रिमोट छातीशी धरून नुसती मान वळवू नका, पूर्ण वळा.

अँटेनाचं तर मनापासून सांगावंसं वाटतं, कारण फुकटात मिळणारा हा सर्वात मोठा फायदा आहे. कांडीसारख्या अँटेनाच्या टोकातून सिग्नल सर्वात कमी निघतो, कुशीतून सर्वात जास्त. बंदुकीसारखं टोक ड्रोनवर रोखणं म्हणजे नेमकं उलटं करणं. चपट्या पट्टीची अँटेना असेल तर तिचा रुंद चेहरा ड्रोनकडे हवा. ड्रोन बरोबर डोक्यावर असेल तर कांड्या आडव्या पाडा. अँटेना रिमोटच्या आतच असेल तर ती कोणत्या बाजूला आहे हे माहितीपुस्तिकेत बघा आणि तिथे बोटं ठेवू नका.

तुटलाच, तर त्या क्षणी

१. स्टिक सोडा. जोडणी अर्धवट येत-जात असते. घाबरून ढकललेली स्टिक अचानक लागू झाली की ड्रोन भलतीकडेच सुसाटतो.

२. नेमकं काय तुटलं ते ओळखा. चित्र गेलं म्हणजे ताबा गेला असं नाही. उंची, अंतर, बॅटरीचे आकडे अजून बदलत असतील किंवा रिमोटचा दिवा जोडणी दाखवत असेल, तर केवळ चित्रच गेलंय. कधी अॅप गोठलेलं असतं, कधी फोनची केबल सैल झालेली असते. अशा वेळी ड्रोन तुमचं ऐकतो: परतीचं बटण दाबून धरा आणि मग केबल, अॅप बघा.

३. सगळंच गेलं असेल तर ड्रोन शेवटचा जिथे होता त्या दिशेला पूर्ण वळा, रिमोट उंच धरा, अँटेनाची कूस तिकडे करा.

४. आडोशातून बाहेर या. भिंतीपासून, गाडीपासून दूर, जमलं तर चार पावलं उंचावर. पण पायाखाली बघून. आकाशाकडे डोळे लावून गच्चीवर मागे सरकणं ड्रोन गमावण्यापेक्षा कितीतरी महाग पडेल.

५. रिमोट बंद करून पुन्हा चालू करायचा मोह आवरा. ड्रोन पुन्हा टप्प्यात आला की जोडणी सहसा आपोआप जुळते. रिमोट त्याच क्षणी सुरू होत असेल तर ती संधी हुकते. रिमोटचीच बॅटरी संपली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा लगेच चार्जिंगला लावा.

६. घड्याळ बघा, आवाज ऐका. परतीची उंची गाठायलाच वेळ लागतो, त्यामुळे पहिल्या अर्ध्या मिनिटात काहीच दिसलं नाही तरी ते साहजिक आहे.

ड्रोन येताना दिसला आणि सिग्नल जुळला, तरी लगेच ताबा घ्यायची घाई नको. वाट मोकळी असेल तर त्याला येऊ द्या. समोर झाड किंवा तारा दिसत असतील तरच परत येणं रद्द करा आणि स्वतः वर घ्या.

इथे वाऱ्याचा हिशेब आधीच केलेला असावा लागतो. समजा ड्रोन परतताना सेकंदाला १० मीटर वेगानं येतो. वारा नसेल तर १ किलोमीटर तो १०० सेकंदांत पार करेल. समोरून सेकंदाला ६ मीटरचा वारा असेल तर हाती उरतात ४ मीटर, म्हणजे २५० सेकंद, चार मिनिटांहून जास्त. म्हणून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जायचं, येताना वारा पाठीशी असावा. बॅटरी निम्मी व्हायच्या आत मी परत फिरतो.

आलाच नाही तर

अॅप बंद करू नका. नकाशावर ड्रोनची शेवटची नोंदलेली जागा असते. आधी तिचा स्क्रीनशॉट घ्या, मग तिथे चालत जा. ‘माझा ड्रोन शोधा’ अशी सोय असेल तर रिमोट घेऊनच निघा. जवळ पोचल्यावर जोडणी पुन्हा जुळली तर ड्रोनचा दिवा लुकलुकवता येतो, काहींना आवाजही करता येतो. बॅटरी संपेपर्यंतच हे शक्य असल्यामुळे वेळ दवडू नका. शोधताना फक्त त्याच ठिकाणी न बघता, तिथून होम पॉइंटपर्यंतची सरळ रेषा आणि वाऱ्याची दिशा या दोन्हींवर बघत जा. झाडांचे शेंडेही बघा. विजेच्या तारांवर किंवा दुसऱ्याच्या आवारात अडकला असेल तर स्वतः काढायला जाऊ नका, संबंधितांना कळवा.

सापडला, की पहिल्यांदा बॅटरी काढा. ती फुगली असेल, चेपली असेल किंवा भिजली असेल तर चार्ज करू नका. लिथियम बॅटरी आपटल्यानंतर काही वेळानंही पेट घेऊ शकते, त्यामुळे तिला घरात न आणता जळणाऱ्या वस्तूंपासून दूर, उघड्यावर ठेवा. नंतर उड्डाणाची नोंद उघडा आणि सिग्नल कोणत्या क्षणी, कोणत्या उंचीवर, कशाच्या आड गेल्यावर पडला ते बघा. जवळ, मोकळ्यावर असतानाही पडला असेल तर रिमोट आणि ड्रोनचं सॉफ्टवेअर एकाच आवृत्तीवर आहे का ते तपासा, दोघांची जोडणी नव्यानं करा आणि पुढचं उड्डाण मोकळ्या मैदानावर पन्नास मीटरच्या आतच ठेवा.