गावच्या स्टुडिओसाठी पोर्ट्रेट रिटचिंगचे सॉफ्टवेअर कसे निवडावे

विदर्भातल्या तालुक्याच्या ठिकाणी किंवा बाजाराच्या गावात चालणाऱ्या फोटो स्टुडिओकडे चेहऱ्याची कामे ठरावीकच येतात: पासपोर्टचे व अर्जाचे फोटो, स्थळासाठी पाठवायचा फोटो, लग्नाचा अल्बम, आणि तेरवीला हार घालण्यासाठी जुन्या फोटोवरून मोठी करून दिलेली तसबीर. यांपैकी आपल्याकडे कोणते काम जास्त येते, हे ठरवल्याशिवाय सॉफ्टवेअरची चौकशी करू नये. कारण नागपूरच्या अल्बम डिझायनरला जे सोयीचे आहे, ते आपल्या संगणकाला, आपल्या विजेला आणि आपल्या गिऱ्हाइकाला सोयीचे असेलच असे नाही.

केवळ अर्जाचे फोटो करणाऱ्याने फार विचार करण्याचे कारण नाही. ३५ × ४५ मिलिमीटरचा फोटो ३०० पीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून) ४१३ × ५३१ पिक्सेल इतकाच भरतो, आणि बँकांच्या परीक्षेच्या अर्जासाठी तो २० ते ५० केबीत बसवावा लागतो. गिम्प हे फोटो-संपादनाचे सॉफ्टवेअर किंवा ब्राउझरमध्ये चालणारे फोटोपिया एवढ्याला पुरते. ओळखपत्राच्या फोटोत चेहऱ्यात फेरफार करायचा नसतो, त्यामुळे रिटचिंगचा, म्हणजे चेहरा साफसूफ करण्याचा, प्रश्न तेथे जवळजवळ उद्भवतच नाही.

खरी परीक्षा बाकीच्या कामांत होते. त्यासाठी सॉफ्टवेअरच्या जाहिरातीतले गुळगुळीत चेहरे पाहून मत बनवू नये. चाचणी प्रत उतरवून घ्यावी आणि आपल्याच संग्रहातले अवघड फोटो तिच्यात उघडावेत. पहिला फोटो कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण असलेल्या आजीचा घ्यावा. मेळघाटात, यवतमाळच्या तांड्यांवर किंवा गडचिरोलीकडे असे चेहरे नेहमीचेच आहेत, आणि आपोआप त्वचा साफ करणारी साधने गोंदणाला डाग समजून फिके करण्याचा किंवा पुसून टाकण्याचा धोका असतो. दुसरा फोटो रोज टोपी घालणाऱ्या शेतकऱ्याचा असावा. टोपी काढल्यावर त्याचे कपाळ उजळ आणि गाल रापलेले दिसतात, आणि हा फरक सौम्य करायचा की तसाच ठेवायचा हे यंत्राने नव्हे, आपण ठरवायचे असते. तिसरा फोटो हळदीच्या दिवशीच्या नवरीचा घ्यावा, कारण पिवळेपणा कमी करताना कातडीचा मूळ रंग टिकतो की चेहरा राखी पडतो, हे तेथे लगेच कळते. चौथा फोटो स्कॅन केलेला जुना, बुरशीचे ठिपके पडलेला असावा.

या चारही फोटोंत सॉफ्टवेअरने काय काढले यापेक्षा काय राहू दिले हे पाहावे. पोर्ट्रेटप्रोसारखी साधने डोळे, नाक आणि ओठ स्वतः शोधतात, आणि त्वचेबरोबर चेहऱ्याच्या ठेवणीतही आपणहून थोडा बदल करतात. तो बदल शून्यावर आणणारी पट्टी सापडते का आणि ती मांडणी पुढच्या फोटोंसाठी जपून ठेवता येते का, हे पहिल्याच बैठकीत तपासावे. स्थळाच्या फोटोला ‘जरा गोरं करून द्या’ असा आग्रह होतो, हे खरे आहे. तरीही पाहुणे मुलगी प्रत्यक्ष पाहायला येणारच असतात, त्यामुळे रंग बदलण्यापेक्षा डोळ्यांखालची सावली उचलून देणे माझ्या मते दोन्ही घरांच्या हिताचे असते. उन्हाळ्यातल्या लग्नात भर दुपारी काढलेल्या फोटोंत ही सावली फार गडद पडते, म्हणून हे काम हाताने नीट करता येणे महत्त्वाचे आहे.

हातकामासाठी तीन गोष्टी सॉफ्टवेअरमध्ये असल्याच पाहिजेत: शेजारच्या त्वचेचा पोत घेऊन डाग भरणारा हीलिंग ब्रश, भाग उजळ-गडद करण्यासाठी डॉज आणि बर्न, आणि पोत व रंग वेगवेगळ्या लेयरवर (एकावर एक ठेवलेल्या थरांवर) काढण्याची सोय. शेवटच्या पद्धतीला फ्रीक्वेन्सी सेपरेशन म्हणतात. ती फोटोशॉपमध्ये गॉशियन ब्लर (धूसर करणारे फिल्टर) आणि अप्लाय इमेज (एका लेयरमधून दुसरा वजा करणारी आज्ञा) वापरून करतात. गिम्पमध्ये त्याच जातीच्या कामासाठी वेव्हलेट डिकम्पोज हे फिल्टर तयारच आहे. ॲफिनिटी या फोटोशॉपसारख्याच सॉफ्टवेअरमध्येही त्यासाठी स्वतंत्र फिल्टर मिळते. रंगाच्या लेयरवर रापलेपणाचे चट्टे एकसारखे करता येतात आणि पोताचा लेयर न छेडल्यामुळे सुरकुत्या जशाच्या तशा राहतात, म्हणून म्हाताऱ्या चेहऱ्यांसाठी या पद्धतीइतके उपयोगी दुसरे काही नाही. काम झाल्यावर लेयरची अपारदर्शकता निम्म्यावर आणून पाहावी. बहुतेक वेळा तेवढेच पुरेसे ठरते.

आता संगणक आणि वीज. बारा बाय छत्तीस इंचाचा अल्बमचा एक पट (समोरासमोरची दोन पाने) ३०० पीपीआयने १०,८०० × ३,६०० पिक्सेल होतो आणि नेहमीच्या आठ-बिट आरजीबी रंगपद्धतीत त्याचा पूर्ण भरलेला एकच लेयर स्मरणात सुमारे ११७ एमबी जागा घेतो. पंधरावीस लेयर झाले की ४ जीबी रॅमचा संगणक अडकतो. अल्बम करणाऱ्याने १६ जीबीचाच विचार करावा. भारनियमनाच्या भागात आणखी एक बाब पाहावी लागते, जिचा उल्लेख तुलनेच्या तक्त्यांत क्वचितच सापडतो. फोटोशॉप चालू कामाची प्रत ठरावीक मिनिटांनी आपोआप साठवते आणि हा अवधी पाच मिनिटांवर आणता येतो. गिम्पमध्ये अशी वेळेवर होणारी साठवण मुळात नाही, त्यामुळे इन्व्हर्टर नसेल तर दर थोड्या वेळाने हाताने सेव्ह करण्याची सवय लावून घ्यावी. इंटरनेटचेही तसेच आहे. फोटोशॉपचे जनरेटिव्ह फिल, म्हणजे एआयने चित्राचा भाग भरणारे साधन, कंपनीच्या सर्व्हरवर चालते, म्हणून रेंज गेली की ते थांबते. जी साधने फोटो बाहेर पाठवतात, त्यांच्यात लेकीबाळींचे फोटो टाकण्यापूर्वी घरच्यांना विचारणे योग्य ठरते.

अल्बमचे काम करणाऱ्यांना एक अडचण टाळता येत नाही: बाजारात मिळणारे तयार डिझाइन पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या फाइलच्या, स्वरूपात असतात. गिम्प आणि फोटोपिया ती फाइल उघडतात, पण गिम्पमध्ये काही इफेक्ट आणि मजकुराचे लेयर मूळ रूपात येत नाहीत. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ सारखी ओळ टाकून जोडाक्षरे तुटत नाहीत ना, हेही चाचणीतच पाहावे; फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत त्यासाठी वर्ल्ड-रेडी लेआउट निवडावा लागतो. काम एसआरजीबी या सर्वसाधारण रंगमांडणीत करून लॅबकडून सहा बाय चार इंचाची एक प्रिंट आधी मागवावी, कारण स्वस्त लॅपटॉपच्या पडद्यावर गव्हाळ दिसणारी कातडी कागदावर लालसर उतरू शकते.

खर्चाचा हिशोब याच्यानंतर करावा. गिम्प पूर्णपणे विनामूल्य आहे आणि २०२५ साली आलेल्या ३.० आवृत्तीपासून त्यात फिल्टर नंतरही बदलता येतात. ॲफिनिटीची कंपनी २०२४ मध्ये ऑनलाइन डिझाइनच्या कॅनव्हा कंपनीने घेतली आणि २०२५ पासून ॲफिनिटीही मोफत मिळते, मात्र कॅनव्हाचे खाते लागते. चोरीची फोटोशॉप प्रत गावोगावी पेनड्राइव्हवर फिरते. तिच्याबरोबर येणाऱ्या व्हायरसने एखाद्या सीझनचे फोटो गमावले, तर वाचलेले पैसे त्यापुढे काहीच नाहीत. लग्नसराईपुरतेच फोटोशॉप हवे असेल तर तुळशीच्या लग्नानंतर खरोखरीची मासिक योजना घ्यावी आणि चातुर्मासात ती बंद ठेवावी. वार्षिक करार दरमहा हप्त्याने भरण्याची योजना तिच्यासारखीच दिसते, पण १४ दिवसांनंतर ती मध्येच सोडल्यास दंड भरावा लागतो; म्हणून पैसे भरण्यापूर्वी योजनेचे नाव पुन्हा एकदा वाचावे.